हातभर घोंगडं

१

बुधवारी सकाळी मी सांगलीच्या वसतिगृह कार्यालयाचा जिना चढले, तेव्हा चोरी होऊन गेली होती आणि ती मला कुणी सांगायची यावर वरच्या मजल्यावर कुजबुज चालू होती. मला आधी चहा मिळाला. मग बिस्किटं आली. मग पुन्हा चहा आला, तेव्हा मी ओळखलं की काहीतरी मोठं बिनसलंय.

"नमुने दाखवता ना?" मी विचारलं.

कार्यालयाच्या साहेबांनी स्टोअरकीपरकडे बघितलं. स्टोअरकीपर टाचा जुळवून, हात बाजूला सोडून भिंतीकडे बघत उभा होता. कृष्णात त्याचं नाव. फौजेतून निवृत्त होऊन इथे लागलेला, ताठ, पांढऱ्या मिशांचा माणूस.

"मॅडम," तो म्हणाला, "पाचातलं चार न्हाईत."

मी प्रियदर्शनी. पुण्याच्या एका कक्षात काम करते. सरकारी खरेदीत व्यापारी आपसात ठरवून निविदा भरतात का, हे शोधणं माझं काम. माणसं एकमेकांशी भांडतात तेव्हा पोलीस येतात; माणसं नको तितकी गुण्यागोविंदाने वागायला लागली की मला पाठवतात.

सातारा आणि सांगलीच्या वसतिगृहांतल्या मुलांसाठी दरवर्षी हातमागाची घोंगडी विकत घेतात. कोयनानगरच्या धुक्यात पातळ कांबळ्यावर निजणं म्हणजे काय ते तिथल्या पोरांना विचारा. या खरेदीला दरवर्षी तेच चार व्यापारी निविदा भरत: एक सांगलीचा, एक इस्लामपूरचा, एक कराडचा, एक साताऱ्याचा. यंदा एकाला मिळालं की पुढच्या साली दुसऱ्याला. उरलेले तिघे निमूट घरी जात. सलग हरूनही न चिडणारा व्यापारी मी आजवर पाहिलेला नाही. कुणीतरी आम्हाला निनावी पत्र लिहिलं ते याचसाठी. जिंकायचं कुणी हे आधी ठरवून बाकीच्यांनी हरण्याचं नाटक करणं, हाही कायद्याने गुन्हाच आहे.

यंदा मात्र एक पाचवी निविदा आली होती. आटपाडीच्या पलीकडच्या माळावरच्या बायकांच्या गटाची.

प्रत्येकाने निविदेबरोबर हातभर घोंगड्याचा नमुना सीलबंद द्यायचा होता. सोमवारी समितीने बंद खोलीत पाकिटं फोडली, प्रत्येक नमुन्याचा फोटो काढला, नावाची चिठ्ठी पिनने अडकवली आणि नमुने कपाटात ठेवले. ते बघायलाच मी आले होते.

कृष्णातने कपाट उघडलं. कुलूप धड होतं, किल्ली त्याच्या कमरेला होती. फळीवर गटाचा नमुना होता. मागितला होता हातभर तुकडा, आणि या बायकांनी अख्खं घोंगडं घडी घालून दिलं होतं. मला त्यांच्या भाबडेपणाचं हसू आलं. त्याच्या शेजारी चार व्यापाऱ्यांच्या चार चिठ्ठ्या ओळीने मांडल्या होत्या. पिना काढून पुन्हा नीट मिटवलेल्या, कुणाला टोचू नयेत अशा. नमुने नव्हते.

"शुक्रवारी दुपारी चौघं येणार आहेत," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तोवर सापडले नाहीत तर कृष्णातला निलंबित करून पोलिसांत द्यावं लागेल. किल्ली दुसऱ्या कुणाकडे नाही. दोन महिन्यांवर रिटायरमेंट आलीय हो त्याची."

मी चिठ्ठ्या उचलल्या. प्रत्येकीच्या बरोब्बर मध्यावर एक पिवळा ठिपका होता. बोटाने चोळला आणि वास घेतला. हळद होती.

२

सांगलीत हळद सापडली म्हणजे काही सापडलं असं होत नाही. फेब्रुवारीत मार्केट यार्डाच्या बाजूने वारा सुटला की रिक्षा, मांजरं, माणसांच्या भुवया, सगळ्यावर पिवळी झाक येते. त्यात उसाच्या मळीचा गोडसर वास मिसळतो आणि नदीवरून धुरकट ऊन येतं. अशा हवेत मला गुंगी येते. खोटं कशाला बोलू, माझं निम्मं काम मी डुलकीत करते. वरिष्ठांना हे माहीत नाही.

आधी मी कृष्णातला समोर बसवलं. तो बसला नाही.

"कपाट शेवटचं कधी उघडलं?"

"सोमवारी मॅडम. समितीसमोर."

"मग आज सकाळी?"

"व्हय. आज सकाळी."

मधला मंगळवार त्याने असा ओलांडला, जसा माणूस ओल्या फरशीवरून पाय उचलून टाकतो. मी बघून ठेवलं.

"कृष्णातराव, काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा."

"आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत हायेत मॅडम," तो भिंतीलाच म्हणाला. "गावच्या कमानीवर आज्याचं नाव हाय. त्या कमानीखालनं चोर म्हणून कसा जाऊ, येवढंच सांगा. बाकी मला काय सांगायचं न्हाई."

 मला वाटलं हा चोर नाही. पण मला वाटलं याला कागदावर काही किंमत नसते, आणि हा माणूस खोटं बोलत होता हेही तितकंच खरं होतं.

येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीत मंगळवारी चारच नावं होती. एक पोस्टमन. एक नळदुरुस्तीवाला. एक गटाची धोंडुबाई, "राहिलेली सही करण्यासाठी". आणि एक जयराज, म्हणजे चार व्यापाऱ्यांतला सांगलीचा.

जयराजच्या घरची हळदीची अडत होती. पस्तिशीचा, भारी घड्याळाचा. हात पुढे केला तेव्हा त्याच्या नखांच्या कडा पिवळ्या होत्या.

"आलो हुतो की मंगळवारी. निविदा भरलीया, चक्कर मारायला बंदी हाय का?"

"चिठ्ठ्यांवर हळद सापडली."

तो हसला, पण उशिरा. "मॅडम, आमच्याकडं हळकुंडं येत्यात, पूड न्हाई. पूड गिरणीत करत्यात. आन नमुना चोरायला मी खुळा हाय का? माझाच गेलाय. कुणाचा ऱ्हायलाय त्ये बघा. चोर कोण त्ये शेंबडं पोरगंबी सांगंल."

"बाकीच्या तिघांना ओळखता?"

"नावानं ओळखतो. बोलणं न्हाई."

फोन करून कराडच्या आणि साताऱ्याच्या व्यापाऱ्यांना हाच प्रश्न विचारला. दोघंही म्हणाले, "नावानं ओळखतो. बोलणं नाही." तीन अनोळखी माणसं एकच वाक्य, त्याच क्रमाने. शाळेत पाठांतर घेतल्यासारखं.

चौथा फोनवर बोलायला तयार नव्हता. तो म्हणाला, मीच येतो, समोरासमोर बोलू.

३

इस्लामपूरचा आप्पासो गुळाची भेली घेऊन आला. मी ती टेबलाच्या मधोमध ठेवली, म्हणजे ती कुणाचीच नाही असं दिसावं. पन्नाशी ओलांडलेला, उसाचा बागाईतदार, हसला की डोळे मिटणारा माणूस. आमचं माहेरही त्याच बाजूचं, त्यामुळे त्याने पहिल्या दोन मिनिटांत माझ्या चुलत्याची तब्येत विचारून घेतली.

"संगनमत संगनमत म्हणत्यात ताई, आवं पण आमी एकमेकाचं तोंड बघत न्हाई. नावानं ओळखतो, बोलणं न्हाई. आन नमुनं बघा की. माझी किनार काळी, जयराजची पांढरी. चार माग, चार हात. समितीनंच लिवलंय ना?"

समितीने लिहिलं होतं खरं. कागद माझ्यासमोरच होता: चारही नमुन्यांच्या किनारी भिन्न. फोटोंतही तेच. एकाची किनार काळी, एकाची तपकिरी, एकाची राखाडी, एकाची पांढरी. यावरून चार ठिकाणचा माल स्वतंत्र, असा शेरा. हा शेरा व्यापाऱ्यांच्या फायद्याचा होता. नमुने कपाटात सुखरूप असण्यातच त्यांचं भलं होतं. मग ते त्यांनी चोरावेत कशाला?

आणि गटाने चोरावेत तर स्वतःचा एकच नमुना मागे ठेवून सगळ्या गावाचं बोट स्वतःकडे का वळवावं?

आप्पासो गेला. भेली राहिली. मी खिडकीशी बसून त्याचं बोलणं मनात फिरवत होते, काहीतरी खुपत होतं आणि सापडत नव्हतं. मग मी गटाचं घोंगडं मांडीवर घेतलं. जाडसर, उबदार, मेंढराच्या आणि चिंचोक्याच्या खळीच्या वासाचं. आणखीही एक वास होता, ओळखीचा, अंगणातला. उन्हाचा. बंद लोखंडी कपाटातून काढलेल्या वस्तूला उन्हाचा वास कसा?

पहिली घडी उलटली तर आतून कडुलिंबाचं एक वाळलेलं पान खाली पडलं.

कपाटाला खिडकी नव्हती. खोलीला होती, पण तिच्याबाहेर भिंत होती. कार्यालयाच्या आवारात कडुलिंब एकच, आणि त्याच्या फांद्या फक्त गच्चीवर टेकत होत्या.

४

विचार करायचा म्हणून मी डोळे मिटले, आणि ऊन, मळीचा वास आणि मांडीवरची लोकर यांनी मिळून माझा निकाल लावला.

स्वप्नात मी कृष्णेच्या घाटावर होते. पाणी अगदी संथ होतं. पलीकडून मेंढरांचा कळप नदीत उतरत होता, आणि पाण्याला आवाज नव्हता. पुढे काळ्याभोर म्हाताऱ्या मेंढ्या, त्यांच्यामागे तपकिरी, मग राखी, आणि सगळ्यात शेवटी पांढरी शुभ्र कोकरं. कुठे काळं संपून तपकिरी सुरू झालं ते सांगता येत नव्हतं. मी मोजायला गेले तर एका बाईचा आवाज आला, "कळप मोजायचा नसतो बाई, आख्खा बघायचा."

जागी झाले ती घोंगडं उलगडतच. समितीने आणि मीही आजवर त्याची वरची एक घडीच बघितली होती. मी ते टेबलावर पूर्ण पसरलं. लांबीच्या कडेने एक बोटभर पट्टी टोकापासून टोकापर्यंत गेली होती. या टोकाला काळी. पुढे तपकिरी. मग राखाडी. त्या टोकाला पांढरी. कातणाऱ्या बाईने एकाच धाग्यात काळ्या मेंढीपासून पांढऱ्या कोकरापर्यंतची लोकर ओढली होती.

मी समितीचे चार फोटो छापून घेतले आणि कापून शेजारी शेजारी लावले. आप्पासोचा काळा, कराडचा तपकिरी, साताऱ्याचा राखाडी, जयराजचा पांढरा. काळ्या तुकड्याच्या उजव्या कडेला पट्टी फिकी होत आली होती, आणि तपकिरी तुकडा तिथूनच सुरू होत होता. सुताचं एक जाडं गुंफण दोन तुकड्यांत अर्धं अर्धं वाटलं गेलं होतं. चारही कडा एकमेकींत बसल्या.

चार माग नव्हते, चार हात नव्हते. एकच घोंगडं आणून त्याचे चार तुकडे केले होते आणि चौघांनी ते आपापल्या नावाने सीलबंद केले होते. समितीला जो फरक वाटला तोच त्यांच्या एकीचा पुरावा होता. मला मोठ्याने हसू आलं. यांना चार वेळा माळावर जायचासुद्धा कंटाळा! जिंकायची खात्री असली की माणूस किती आळशी होतो बघा.

आणि मग खुपत होतं ते सापडलं. नमुने सीलबंद आले, बंद खोलीत उघडले, तिथे एकही व्यापारी नव्हता. जयराजची किनार पांढरी आहे, हे आप्पासोला कुणी सांगितलं? जो एकमेकांचं तोंड बघत नाही त्याला?

पण फोटोवरून भांडण कोर्टात टिकत नाही. वकील म्हणतील, उजेड वेगळा, रंग फसवे. मला तुकडे हवे होते. मी लिंबाचं पान उचललं आणि कृष्णातला बोलावलं.

"कृष्णातराव," मी पान टेबलावर ठेवलं, "कपाटात लिंब उगवतो का हो?"

त्याने पानाकडे बघितलं. मग पहिल्यांदाच तो खुर्चीत बसला.

५

"फौजेत दर आठवड्याला कांबळी उन्हात घालायचा हुकूम असायचा मॅडम," तो म्हणाला. "सतरा वर्सं घातली. हितं डांबराच्या गोळ्या संपल्या, दोनदा मागणी केली, आल्या न्हाईत. लोकरीला कसर लागली तर शुक्रवारी काय दाखवायचं? म्हणून मंगळवारी अकराला पाची नमुने गच्चीवर नेले. नियमात न्हाई बसत, ठाऊक हाय. पण हात ऐकत न्हाई."

"आणि चारला आणायला गेलात."

"आख्खं घोंगडं जाग्यावर. चार न्हाईत. चिठ्ठ्या एका दगडाखाली नीट ठेवल्याल्या आन परतेकीला भंडारा लावलेला. भ्यालो. देवाधर्माचं काय असलं तर? चिठ्ठ्या आणून कपाटात ठेवल्या आन कुलूप घातलं. खोटं बोलायचं न्हवतं मॅडम, पर गच्ची सांगितली असती तर नोकरी गेली असती."

नुसती हळद नव्हती ती, भंडारा होता. देवाच्या पायाशी वाहतात तो. म्हणूनच फळीवर एक कणही सांडला नव्हता, ठिपके चिठ्ठीवरच होते: चिठ्ठ्या पिवळ्या झाल्या त्या दुसरीकडेच. जयराज आणि त्याची पिवळी नखं सुटली. नेणाऱ्याने नेताना क्षमा मागितली होती, आणि पिना मिटवून ठेवल्या होत्या.

"मंगळवारी दुपारी गच्चीच्या जिन्यात कोण होतं?"

"कोण न्हाई. गटाची ती म्हातारी भाकरी खायाला बसली हुती. मीच पाणी दिलं."

गुरुवारी सकाळी मी पूर्वेला निघाले. तासगावपर्यंत द्राक्षांचे मांडव होते, मग ते विरळ झाले आणि मग नुसता माळ आणि त्यावर इतकं मोठं आकाश की गाडी चालल्यासारखीच वाटेना. एका बाभळीखाली धोंडुबाई बसली होती. सत्तरीची, कपाळावर भंडारा. मांडीवर घोंगडं, हातात दाभण. तीन तुकडे जोडून झाले होते, चौथा अर्धा.

मी कोण ते सांगितलं. ती घाबरली नाही.

"ये बाई. बस. ह्याच्यावर नगं बसू, ह्ये अजून जखमी हाय."

"मावशी, हे तुम्ही उचलून आणलंत."

"माझंच हाय. दिवाळीला इस्लामपूरचा आप्पासो आला. म्हणला घरात देव बसवायचाय, येक चांगलं घोंगडं दे. देवाचं म्हणून म्या सगळ्यात चांगलं दिलं. काळीपासनं कोकरापातूर पट्टी, माझ्या आईची रीत. आन परवा बघते तर उन्हात चार तुकडं पडल्यालं." तिने दाभण थांबवलं. "आमच्यात घोंगडं कापत न्हाईत. माणूस मेल्यावर त्येच्यावर टाकायचं तवाच किनार कातरायची. जित्यापणी ह्यावर देव बसतो, ह्यावर बसून शपथ घेत्यात. त्येला कात्री लावली मेल्यानी."

म्हणून गटाने अख्खं घोंगडं दिलं होतं. मी ज्याला भाबडेपणा म्हणून हसले तो त्यांचा नेम होता. मला माझीच लाज वाटली.

"शिवून आणून देणारच हुते," ती म्हणाली. "चोरी न्हाई करत आमी."

मग मला ते सांगावं लागलं. कपाटाच्या किल्लीचा धनी उद्या पोलिसांच्या ताब्यात जाणार आहे. आणि तिने खरं सांगितलं तर तिचा गट बाद होणार, कारण दुसऱ्याच्या नमुन्याला हात लावणाऱ्याची निविदा त्याच क्षणी रद्द, असा नियम. पाच माग या एका कामाच्या आशेवर उभे केले होते, हे तिच्या मागच्या छपरात दिसतच होतं. एवढं सांगून मी माळावरच्या मेंढरांकडे बघितलं.

तिने दाभण पुन्हा चालू केलं.

"कोण, त्यो मिशीवाला फौजी? जिन्यात पाणी दिल्यालं त्येनं मला."

"तोच."

तिने शेवटचा टाका घातला, दातांनी सूत तोडलं आणि घोंगडं झटकलं.

"मग उद्याला गाडी कवा निघती?"

६

शुक्रवारी दुपारी चौघं व्यापारी सभागृहात चार कोपऱ्यांत बसले. एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनीही इतकं लांब बसू नये. मी आधी प्रत्येकाकडून लिहून घेतलं: नमुना आमच्या स्वतःच्या विणकराकडचा, इतर तिघांशी संबंध नाही. चौघांनी सह्या केल्या. आप्पासोने तर माझंच पेन मागून घेतलं.

मग दार उघडून धोंडुबाई आली. तिने काही न बोलता घोंगडं मधल्या फरशीवर पसरलं. तीन शिवणी वर आलेल्या, आणि कडेने ती पट्टी, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत अखंड.

"ह्ये नमुनं म्या नेलं," ती साहेबांना म्हणाली. "गच्चीवरनं. फौजीचा काय संबंध न्हाई."

कृष्णात दाराशी उभा होता. त्याने डोळे मिटून घेतले.

साहेब म्हणाले, "म्हणजे गट अपात्र."

"अपात्र," मी म्हटलं. "लिहून घ्या. आता हे बघा." मी समितीचे फोटो तुकड्यांशेजारी ठेवले. पहिला तुकडा आप्पासोंचा, दुसरा कराडचा, तिसरा साताऱ्याचा, चौथा जयराजचा. कडा जुळत होत्या, तुटलेलं गुंफण पुन्हा एक झालं होतं. "चार विणकरांचे चार नमुने एका घोंगड्यात कसे बसले? आणि आप्पासो, जयराजची किनार पांढरी हे तुम्ही मला बुधवारी सांगितलंत. ती तुम्ही कुठे बघितली?"

आप्पासोचे डोळे मिटलेलेच होते, पण तो हसत नव्हता. "म्हातारीनं कुठनंबी आणलं आसंल ताई. ह्ये काय पुरावा हाय?"

धोंडुबाईने कमरेची पिशवी सोडली आणि घोंगड्यावर भंडारा उधळला.

"बस की मग ह्यावर," ती म्हणाली. "बस आन म्हण, ह्ये म्या न्हाई कापलं. येकजण तरी बसा."

कोणी उठलं नाही.  मला कायद्याने ही शपथ चालणार नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती. पण चौघांचे पाय खुर्चीखाली सरकलेले मी डोळ्यांनी बघितले.

मग मी कायद्याचं तेवढं सांगितलं. जो सगळ्यांच्या आधी खरं आणि पूर्ण सांगतो त्याला दंडात सवलत मागता येते. देतील की नाही ते वरचे ठरवतील. पण पहिला एकच असतो.

जयराज उभा राहिला. त्याची नजर घोंगड्यावरून हलत नव्हती.

"कात्री आप्पासोंची," तो म्हणाला. "त्यांच्या गोडाऊनात कापलं. दिवाळीच्या पाडव्याला. आमी चौघंबी हुतो."

"गप रं जयराज!" आप्पासो ओरडला. आणि ज्याच्याशी बोलणं नव्हतं त्याला एकेरीत हाक मारल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

पुढचे दोन तास जयराज बोलत होता आणि मी लिहीत होते. कुठल्या साली कुणी जिंकायचं, कुणी किती चढा दर भरायचा, सगळं. नमुना हातमागाचा दाखवून पुरवठा मात्र गिरणीच्या चिंध्यांच्या कांबळ्यांचा.

सह्या झाल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "पण त्या बायकांचं वाईट झालं हो. खरं बोलून बाद झाल्या."

"या निविदेतून बाद झाल्या," मी म्हटलं. "आणि ही निविदाच आता संगनमतासाठी रद्द करावी लागेल तुम्हाला. रद्द निविदेतली अपात्रता कुठे चिकटवणार? नवी काढा. जिंकतील का ते त्यांचा माग ठरवील. पण या वेळी खरोखरची शर्यत असेल."

धोंडुबाईला मी हेच सोप्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, "आख्खं घोंगडं ठेवा म्हणावं आता. हातभर मागू नगा."

नव्या निविदेत मी ते कलम घालायला लावलं.

कृष्णातला नियम मोडल्याबद्दल एका ओळीची लेखी ताकीद मिळाली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली, बक्षीस मिळाल्यासारखी. शिवलेलं घोंगडं आता मुद्देमाल होतं, निकाल लागेपर्यंत त्याच कपाटात राहणार होतं. मी नवी चिठ्ठी लिहिली: मुद्देमाल क्रमांक एक. खाली सही केली, आणि पेन उचलता उचलता आणखी एक ओळ लिहिली: लोकरीचा असल्याने दर मंगळवारी गच्चीवर उन्हात घालावा, स्टोअरकीपरने जातीने राखण करावी.

कृष्णातने ती ओळ दोनदा वाचली. मग खाडकन टाच आपटून त्याने मला सॅल्यूट केला.

"आज शुक्कारच हाय मॅडम," तो म्हणाला, "पर दोन दिवस गाडीत, शिवणीत गेल्यात. ऊन हाय अजून."

"न्या," मी म्हटलं.

त्याने घोंगडं दोन्ही हातांवर घेतलं. धोंडुबाई पाठोपाठ जिना चढू लागली. अर्ध्या जिन्यात तो थांबला.

"मावशी, कुठली बाजू कुठं करायची?"

"काळी किनार उगवतीला," ती म्हणाली. "कोकरं मागनं येत्यात."